नारळ फुटण्याआधीचं वाक्य

स्कूटरच्या शोरूममधल्या लोकांना सर्व्हिस पॅकेज विकायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हापासून माझं एका जागी बूड टिकेना. बोलायची वाक्यं पुण्याच्या हेड ऑफिसनंच पाठवली होती. पहिलंच वाक्य: ‘उद्या गाडी रस्त्यात बंद पडली तर?’ गिऱ्हाईक जरा घाबरलं की वर्षभराचं पॅकेज गळी उतरवायचं. आणि हे बोलायचं कधी, तर गाडी ताब्यात देताना! मी तिथल्या साहेबांना फोन करून म्हटलं, “साहेब, त्या वेळी आमच्याकडे गाडीची पूजा चालू असते.” ते म्हणाले, “उत्तमच की, सगळं घर हजर असतं.” मी फोन आपटला, अर्थात बंद केल्यावर.

साहेब स्वतः पाहायला आले, त्या दिवशी पॅकेज विकायची पाळी होती काउंटरवरच्या नव्या बाईंची. बाई मंडणगडच्या. नवरा मुंबईत कामाला, लेक इथल्या शाळेत घातलेली. साहेबांसमोर पॅकेज विकलं तर नोकरी कायम, नाहीतर लेकीची शाळा सोडवून गावाला परत. हे त्यांनी मला सांगून ठेवलेलं, त्यामुळे त्यांच्यापेक्षा माझाच जीव वरखाली होत होता. नुसता आत-बाहेर करत होतो.

मिरकरवाड्याचं एक कुटुंब मुलीसाठी स्कूटर न्यायला आलं. आईनं हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ उचलला. साहेबांनी डोळ्यांनी खूण केली. बाईंनी ते पहिलं वाक्य घडाघडा म्हणून टाकलं.

नारळ वरच्या वर थांबला.

“गो बाय, नारळ फुटला नाय अजून, नि असा अभद्र काय बोलतंस?”

पुढे नारळ फुटला, आईनं खोबऱ्याचा तुकडा बाईंच्याही हातावर ठेवला, पण पॅकेजचं नाव काही काढू दिलं नाही. स्कूटर गेली.

“यांना जमत नाही बुवा,” साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. साहेब स्वतःच्या नव्या कोऱ्या कारनं आले होते. तिच्यावरचा हारसुद्धा अजून सुकला नव्हता. मी म्हटलं, “साहेब, संध्याकाळी आंबा घाट चढताना तुमची गाडी बंद पडली तर?”

“अहो, शुभ बोला की!”

बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते स्वतःलाच उमगलं. हात खिशातल्या किल्लीवर. मग खाकरून म्हणाले, “नारळ फुटल्यावर, चहा देताना बोलत जा. आणि ते पहिलं वाक्य गाळा.”

मी जाम खूश झालो होतो. बाईंचं मात्र त्या वाक्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी विचारलं, “म्हणजे उद्या येऊ ना मी?”

“या,” साहेब म्हणाले.

“नक्की ना?”