पैलवान काकूंची पाठ

पैलवान काकू भेटल्या की आधी तुमचा दंड चाचपायच्या. कशी आहेस, घरी सगळे बरे ना, हे सगळं मागाहून. लग्नाच्या हॉलमध्ये नवरीला आशीर्वाद देतानाही त्यांनी तिचा शालूखालचा दंड दाबून पाहिला होता आणि "जरा खात जा गं" असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मालाड पूर्वेच्या एका जुन्या व्यायामशाळेत त्या दुपारी बायकांना वजनं उचलायला शिकवत. राहायला दिंडोशीला. तरुणपणी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत उतरलेल्या, पण त्याबद्दल फारसं बोलत नसत.

मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा माझ्या सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं. बायकांनी वजनं उचलायची नसतात, गर्भाशय खाली येतं, कंबर जाते, अशी त्यांची यादी होती. काकू थेट आमच्या घरी आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्ही चाळीत पाण्याच्या कळश्या वाहिल्या ना? तेव्हा कोणी म्हणालं का, बाईमाणसाने उचलू नये म्हणून? फुकटचं उचललेलं चालतं, हौसेने उचललेलं चालत नाही, असं कसं?" सासूबाई चहा करायला आत गेल्या. अशा कितीतरी घरांत जाऊन काकूंनी भांडून बायका आणल्या होत्या.

आणि मग काकूंचीच पाठ गेली. पाय बधिर व्हायला लागला, चालता चालता मध्येच थांबावं लागायचं. कमरेतला मणका पुढे सरकला होता. शेवटी ऑपरेशन करून, स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके जोडावे लागले.

सुजाता आणि मी त्यांना बघायला गेलो. सुजाता आमच्या बॅचमधली सगळ्यात जुनी, बोलायला फटकळ. दार उघडंच होतं. काका खाली बसून काकूंच्या पायात मोजे चढवत होते, कारण त्यांना वाकायची बंदी होती. आम्हाला बघून काकूंनी पाय झटकन गाउनखाली ओढून घेतला. एक मोजा काकांच्या हातातच राहिला. सुजाता म्हणाली, "काकू, शेवटी वजनांनीच केलं ना हे?"

काका तडकून म्हणाले, "अजिबात नाही. मणका लहानपणापासून कच्चा होता म्हणतात डॉक्टर. उलट व्यायामानेच इतकी वर्षं…"

"राहू दे हो," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वर केलीच नाही.

त्यानंतर फोन केला की काका सांगत, त्या गावाला गेल्यात. बॅच हळूहळू बंद पडली. सासूबाई मला म्हणाल्या, "मी सांगतच होते." इतर घरांतही तेच झालं असणार.

पुढे माझेच गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून ऑफिसजवळ गोरेगाव पश्चिमेला एका जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी, दुपारच्या बायकांच्या वेळेत, कोपऱ्यात एक बाई लाकडी काठी हातात धरून अर्धवट वाकत होती. अंगात नवऱ्याचा असावा असा ढगळ शर्ट. आरशात आमची नजरानजर झाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी जवळ गेले. "काकू?"

"तू हंय कशी गे?" त्या गडबडल्या की मालवणीत शिरायच्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोणाक सांगू नको हां."

"पण मालाड सोडून इथे कशाला?"

"तिकडे सगळ्या ओळखतात. ज्यांच्याकडून मी वजनं उचलून घेतली, त्यांच्यासमोर काठी घेऊन उभी राहू? इथे मी कोणीच नाही. बरं आहे."

आम्ही मग एकाच वेळेला जायला लागलो. काठीवरून त्या छोट्या डंबेलवर आल्या, मग रिकाम्या रॉडवर. डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने आखून दिलं होतं त्यापलीकडे त्या तसूभरही जात नसत. तिथली ट्रेनर नवीन पोरगी होती. एकदा ती काकूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आंटी, कमरेतून नाही, हिप्स मागे न्यायचे. मागच्या भिंतीला टेकवायचेत असं समजा." हे वाक्य आम्ही सगळ्या काकूंकडूनच शिकलो होतो. मी बोलणार तोच त्यांनी डोळ्यांनी दटावलं. "हो मॅडम," त्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर मी चिडले. "सांगायचं ना तिला, तुम्ही कोण ते!"

"सांगितलं की विचारेल, मग पाठ कशी गेली?"

"डॉक्टर म्हणालेत ना, वजनांमुळे नाही."

"ते ऐकायला बरं वाटतं गं. मला स्वतःला पटायला नको? तुमच्या सासवांना तोंड वर करून बोलले मी. आता त्या रस्त्यात दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथवर जाते."



मग एका दुपारी तिशीतली एक बाई नवऱ्याबरोबर आली. तिचंही हेच ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी व्यायाम सुरू करा म्हणून सांगितलं होतं, पण ती रॉडकडे पाहूनच रडवेली झाली. ट्रेनरही बिचकली. नवरा म्हणाला, "जाऊ दे, चल घरी. आता हे असंच राहणार." दोघं वळली.

"ए, थांब," काकूंनी हाक मारली. तिच्यासमोर जाऊन त्यांनी पाठ वळवली आणि शर्ट मागून वितभर वर उचलला. मीही तो व्रण पहिल्यांदाच बघत होते. "ही बघ. माझ्यातपण सळ्या आहेत. मालाडला बायकांना मी वजनं उचलायला शिकवायची, आणि माझीच पाठ गेली. लाज वाटते म्हणून इथे लपून येते." सगळं जिम ऐकत होतं. ट्रेनर पोरीच्या हातातली बाटली तशीच राहिली. "उद्यापासून ये. तू काठी घे, मी शेजारी उभी राहते."

ती बाई यायला लागली. आणि काही आठवड्यांनी, जुन्या बॅचला बोलवायला म्हणून, काकूंनी मला सुजाताला फोन करायला लावला.

मालाडच्या व्यायामशाळेत आम्ही मोजक्याच जमलो. काकूंनी रॉडला दोन्ही बाजूंना सगळ्यात लहान प्लेटी लावल्या, पूर्वी त्या आमच्यासाठी पहिल्या आठवड्यात लावत तेवढ्याच. रॉड वर आला, अलगद खाली टेकला. "एवढंच जमतं आता," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "ज्यांना घाबरून सोडायचं असेल त्यांनी सोडा. मी रागावणार नाही."

सुजाताने ओढणी कमरेला खोचली आणि त्याच रॉडपाशी जाऊन उभी राहिली. "प्लेटी राहू द्या तेवढ्याच," ती म्हणाली. "मलाही पहिल्यापासून करायचंय."

काकांच्या हट्टामुळे काकू आता कायमच्या गावी राहायला गेल्यात. बॅच सुजाता आणि मी मिळून बघतो. जायच्या दिवशी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नव्या बायकांना माझ्याबद्दल सांगशील तर ऑपरेशनचं आधी सांग. उगाच मोठं करून सांगू नको."

"तुम्हाला लाज नाही वाटणार?"

"वाटेल की. पण ऐकायला मी कुठे असणार आहे?"

म्हणून मी आधी ऑपरेशनचंच सांगते.