तिच्या नावापुढे ‘सहमत’

निजामपुऱ्यातल्या एका संस्थेत मी बैठकांचं इतिवृत्त लिहायचे. ऑफिसात नुकताच आलेला कॉम्प्युटर मला चालवता यायचा, इंग्रजी बरं होतं आणि मी मध्ये बोलत नसे. नोकरीला एवढं पुरलं.

तुरुंगातल्या भेटींचे नियम सुधारायला तिथे एक समिती बसली होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. दुसरे सभासद निवृत्त जेल सुपरिंटेंडेंट. तिसरी ती, आठ वर्षं शिक्षा भोगून सुटलेली, जवळच्या पादरा गावात खानावळीत पोळ्या लाटणारी मराठी बाई. शिक्षा भोगलेलं कुणीतरी समितीत हवंच अशी वरून अट होती.

पहिल्या दिवशी जिन्यात मी तिला मावशी म्हटलं.

“मावशीबिवशी नको. लिहिणारी तूच ना? मग लिही. भेटीला दोन जाळ्या असतात, मध्ये हातभर जागा. माझा पोरगा मला आवाजावरून ओळखायचा, तोंड त्याला कधी दिसलंच नाही. लहान पोरांना आईजवळ बसू द्या. मी एवढ्यासाठीच येते.”

मला तिचा राग आला. मी काही तिला आत घातलं नव्हतं.

बैठकीत सुपरिंटेंडेंट आत आले आणि ती ताडकन उठली. मान खाली, हात पुढे बांधलेले.

“बेस, बेन,” बसायची खूण करत ते गुजरातीत म्हणाले. मग सुरक्षेसाठी दोन्ही जाळ्या कशा हव्यात ते त्यांनी सविस्तर सांगितलं. “बराबर ने, बेन?”

“हा साहेब.”

जिन्यातलं मला आठवत होतं. तरी मी तिच्या नावापुढे ‘सहमत’ लिहिलं.

पुढच्या आठवड्यात ते इंग्रजी इतिवृत्त मी तिला मराठीत वाचून दाखवलं.

“सहमत? मी कधी म्हटलं?”

“तुम्ही ‘हा साहेब’ म्हणालात.”

“त्यांच्या तुरुंगात त्यांना दुसरं काही बोलून बघ. आठ वर्षं मी तेवढंच बोलले. तुला इंग्लिश शाळेत एवढं शिकवलं, हे नाही शिकवलं?”

“मग बैठकीत तसं सांगायचं होतं.”

“तू जिन्यात ऐकलं होतंस ना? तू सांगायचं होतंस.”

त्या बैठकीत माझं पाणी पिऊन झालं, वहीची पानं सारखी करून झाली, आणि मग मी म्हणाले की नोंद चुकली आहे, त्या सहमत नाहीत. अध्यक्षांनी चष्मा काढला.

“बेटा, तू इथे लिहायला आहेस की साक्ष द्यायला?”

सुपरिंटेंडेंट हसले. “तिलाच विचारू ने. बोल बेन, जाळी राहू दे?”

ती उठली होतीच. ओठ हलले, शब्द आला नाही.

“गप्प म्हणजे हो,” अध्यक्ष म्हणाले. “लिही.”

मी पेन टेकवलं नाही. तेव्हा तिने आपली खुर्ची सरकवली, साहेबांकडे पूर्ण पाठ केली आणि माझ्यासमोर बसली. मग बोलली. जाळ्या, हातभर जागा, पोरगा, सगळं, माझ्या डोळ्यांत बघत, शिव्या दिल्यासारखं. इंग्रजी करायला वेळ नव्हता. मी तिचेच शब्द मराठीत उतरवले.

“ही काय रीत झाली बसायची?” सुपरिंटेंडेंट म्हणाले. तिने मान वळवली नाही.

अध्यक्षांनी ते पान फायलीतून काढलं. अहवाल त्या पानाशिवाय आणि तिच्या नावाशिवाय गेला, दोन्ही जाळ्यांसकट. टाइप मीच केला. मी नोकरी सोडली नाही.

तिला सांगायला पादरा गावी गेले तेव्हा ती कणीक मळत होती. बस म्हणाली नाही.

“नाव काढलं ना माझं?”

“काढलं.”

“आणि पोरांचं? बसू देणार आईजवळ?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

“मग इथे कशाला आलीस? जा, जेवायच्या वेळी दारात उभी राहू नकोस.”