सिंधूमावशींची पळी

शेवटचा पेपर असेल त्या सकाळी सिंधूमावशी वाढायची पळी एका मुलाच्या हातात देत आणि म्हणत, "आज तू कोरा ऱ्हाय." पळीवाल्याने दारूचा थेंबही घ्यायचा नाही, सोबत्यांवर लक्ष ठेवायचं आणि संध्याकाळी पळी परत आणायची.

त्यांची खानावळ उधन्यात होती, बोली धुळ्याकडची. गुजरातेत दारूबंदी, म्हणून आम्ही कॉलेजची मुलं लपून पीत असू. मावशींनी कधी भाषण दिलं नाही. "पेनार तुम्ही, माले मालूम शे. पहिले जेवी ल्या," म्हणत ताटात भरीत-भाकरी टाकत.

दुसऱ्या वर्षी पळी माझ्याकडे आली. वडील पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या मिलमध्ये. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. पँटीत खोचलेली पळी पाहून वर्गातला भरत म्हणाला, "काय भाऊ, आमटी वाढतोस का?" मीही हसलो.

दुपारी चारला हाच भरत पिऊन आपल्या खोलीत उताणा पडला. हाका मारल्या, हलवलं, ओ देईना.

"झोपू दे," बाकीचे म्हणाले. "दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील. कॉलेज सुटेल."

मलाही तीच भीती होती. वडिलांना काय तोंड दाखवणार? पण मग मावशींना तरी काय सांगणार होतो? मी पळत सुटलो.

मावशी पिठाच्या हातांनीच आल्या. भरतला आधी कुशीवर वळवलं, रिक्षा थांबवली. "पोलीस उना ते मी बोलसू. तू भरतना पाय उचल." डॉक्टरांना त्यांनी सगळं खरं सांगितलं. डॉक्टर आमच्यावर गुजरातीत भरपूर ओरडले, शेवटी म्हणाले, "वेळेत आणलंत."

संध्याकाळी भरतने डोळे उघडले. मावशी लगेच म्हणाल्या, "जेवना नही ना सकाळे? मना भरीतले नावं ठेवस!" तो ओशाळला आणि आम्ही सगळे खूप हसलो.

परतताना रिक्षात त्या हळूच बोलल्या, "मना भाऊले बी लोके म्हनेत, झोपेल शे. तो उठनाच नही."

काही वर्षांनी खानावळ बंद करून त्या गावी गेल्या. जाताना पळी मला दिली. आता मी एका वसतिगृहाचा रेक्टर आहे. मला अजून भाषण जमत नाही. पळी कार्यालयात खिळ्याला टांगली आहे; नवी मुलं तिला हसतात. पण शेवटच्या पेपरच्या सकाळी कोणीतरी दारात येऊन विचारतंच, "सर, आज पळी कोणाकडे?"

"आधी जेवलास का?" मी विचारतो.