अंग चोरून धावणाऱ्या पोरी

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींच्या खोलीत रोज चणे भिजत घालावे लागतात. किस्से भिजत घालावे लागत नाहीत, ते आपोआप फुगतात! अकोल्यातल्या आमच्या बॅचचे तर इतके झालेत की एक सांगायला घेतला की चार मागून येतात. सगळ्या पोट धरून हसतात. मीही हसते, पण मधेच कान गरम होतात, कारण बहुतेक किश्शांत मीच आहे.

मी म्हणजे आडव्या बांध्याची, दणकट. शाळेत मला ‘ट्रॅक्टर’ म्हणायचे. मला वर्दी हवी होती, अगदी मनापासून. पण वर्दीसाठी चारचौघांत धावून दाखवावं लागतं, आणि मला तर कोणी पाहूच नये असं वाटायचं. आता सांगा, कसं व्हायचं?

*

पहिल्याच दिवशी मी सैल कुर्ता घालून, छातीवर ओढणी पिनांनी घट्ट टाचून मैदानावर गेले. खांदे पुढे ओढलेले, मान खाली. तशीच धावायला लागले.

आम्हाला धावायला शिकवणारे सर शिट्टी वाजवत आले. “अवो बाई, खाली काय पाहून राहिली? काई पडलं काय तुहं?”

पलीकडे पोट्ट्यांची, म्हणजे मुलांची, बॅच होती. ती खदखदून हसली. त्या दिवसापासून मी आणखी वाकून धावू लागले.

*

आमच्याकडे उन्हाचं बाहेर पडायचं तर पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. आम्ही तो धावतानाही काढत नसू. विचारलं तर ऊन सांगायचो. खरं म्हणजे तोंड झाकलं की हे हलणारं अंग कोणाचं, ते कळत नाही ना!

एका टेस्टला मी पहिल्यांदा जीव तोडून धावले. सगळ्यांच्या पुढे आले. सर खूश! “वा प्रणाली! मूर्तिजापूरचं नाव काढलं!”

प्रणाली माझी रूममेट, मूर्तिजापूरची. ती बिचारी झाडाखाली बसून ओकत होती. तिथूनच ओरडली, “सर, मी तं धावलीच नाई!”

“मंग हे कोण होय?” सरांनी विचारलं.

सांगायचं तर स्कार्फ काढावा लागला असता. मी पाणी प्यायला निघून गेले. पहिली शाबासकी अशी वाया गेली.

*

आता तुम्ही म्हणाल, प्रणाली काटकुळी, तू ही अशी, मग सर चुकले कसे?

त्याचं उत्तर भर एप्रिलात मिळालं. प्रणाली मैदानावर चक्कर येऊन पडली. आम्ही पाणी मारलं, वारा घातला. हवा लागावी म्हणून टी-शर्ट वर केला, तर आत दुसरा. त्याच्या आत तिसरा! खाली सलवारीच्या आत जीन्स!

ती शुद्धीवर आल्यावर मी ओरडले, “अकोल्याच्या उन्हात हे काय करून राहिली तू?”

ती म्हणाली, “सारे मले काडी म्हणतात ना व. जराशी तुह्यासारखी दिसाव म्हटलं.”

माझ्यासारखं कोणाला दिसावंसं वाटेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मी तिला आणखी पाणी पाजलं.

*

मग बॅचचे टी-शर्ट आले. सर पोट्ट्यांच्या समोरच मोठ्यानं साइज विचारत होते. माझी पाळी आली. माझ्या तोंडून निघालं, “मीडियम.”

टी-शर्ट आला. मी खोलीत घालायला घेतला. हात वर गेले, डोकं आत गेलं, आणि तिथंच सगळं अडकलं. ना पुढे, ना मागे! प्रणालीनं पाय भिंतीला लावून ओढलं. शेवटी कात्री आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, “तुहा टी-शर्ट कुठी हाय?”

“सर, लहान आला.”

“टी-शर्ट तं मीडियमच आला. तूच मीडियम नाई आली!”

त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सरांनी नंतर माझ्या मापाचा आणून दिला, कागदात गुंडाळून.

*

आणि मग गावाहून, हिवरखेडहून, आईचा फोन आला. मला पाहायला पाहुणे येणार होते. “जमलं तं धावणं बंद,” ती म्हणाली.

घरी गेले तर आईनं बेसन-दही लावून मला घासून काढलं. “काळी ठिक्कर पडली. पोट आत ओढून बसजो व माय.”

बसले. मुलगा सोफ्यावर, पोट मांडीवर घेऊन. त्याची मावशी म्हणाली, “पोरगी अंगानं लय भरली हाय. चालून दाखव बरं.”

मी दारापर्यंत गेले, परत आले.

“आणखीन एकदा. पायात काई दोष तं नाई ना?”

मी पुन्हा दारापर्यंत गेले. पण या वेळी परत फिरलेच नाही. अनवाणी धावत सुटले. गल्लीतून बस स्टँडपर्यंत, आणि तशीच परत. घराघराच्या दारात माणसं उभी होती. मी पाहिलं, ती मला पाहत होती.

आत आले तेव्हा कुर्ता अंगाला चिकटलेला, श्वास लागलेला. मावशींच्या हातात पोह्यांचा चमचा तसाच. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आईकडे बघायची हिंमत होईना.

आई उठली. पदर नीट केला. सोफ्याकडे वळून म्हणाली,

“उठा बापू. आता तुमी चालून दाखवा.”