संग्रहालयाच्या अंगणात जॅझ

जुन्या वस्तूंचं संग्रहालय चालवायला घेतलं की वस्तू जमतात त्याच्या दुप्पट किस्से जमतात. वस्तू निदान फडताळात तरी मावतात. आमच्याकडे म्हणून वाटणीच झालीय. वस्तूंची नोंद नाना ठेवतात, किश्शांची मी!

संग्रहालय म्हणजे चाकणजवळच्या आमच्या गावातल्या जुन्या शाळेच्या दोन खोल्या आणि पुढचं अंगण. आमच्या शेजारचे नाना एका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झाले आणि पेरणीची पाभर, मोट, कंदील, जातं असं काय काय गावभर फिरून गोळा करत सुटले. मी कंपनीत क्वालिटीला आहे, रविवारी त्यांच्या मदतीला जाते. मदत म्हणजे मुख्यतः बोलणी खाणं. लेबल जरा तिरकं लागलं तर या माणसाला जेवण जात नाही.

*

नानांनी भिंतीवर प्रत्येक अवजाराचा आकार रंगवून ठेवलाय, टूलरूममध्ये असतो तसा. वस्तू जागेवर नसली की रिकामा आकार लगेच डोळ्यांत भरतो.

एका रविवारी विळ्याचा आकार रिकामा! आम्ही खोल्या पालथ्या घातल्या. दुपारी शेजारच्या आळीतली कमळाक्का विळा हातात घेऊन हजर. संग्रहालयाला विळा तिनंच दिलेला आणि नेलाही तिनंच.

"म्हशीला घास कापायचा होता," ती म्हणाली. "घरातला बोथट झालाय."

मी मनात म्हटलं, झालं! आता नाना पेटणार. नानांनी विळा घेतला, अंगठ्यानं धार बघितली आणि चेहराच खुलला.

"धार लावून आणलाय! ही चोरी न्हाई मनीषा, हे मेंटेनन्स हाय!"

तेव्हापासून कमळाक्काला विळ्यासाठी रीतसर गेटपास मिळतो.

*

आता जॅझ कुठून आला ते सांगते. मंदार वाकडला राहतो, आयटीत आहे आणि सॅक्सोफोन वाजवतो. त्याच्या बँडमधले बाकी तिघं ड्रम, कीबोर्ड आणि बेस गिटारवाले. त्यांना सोसायटीत वाजवू देत नव्हते. मंदार एकदा संग्रहालय बघायला आला आणि अंगण बघून म्हणाला, "नाना, इथं आमचा कार्यक्रम करू या?"

"जॅझ म्हंजे नक्की काय?"

"सुरुवातीची चाल ठरलेली असते. मग प्रत्येक जण त्याला सुचेल तसं वाजवतो आणि शेवटी सगळे परत चालीवर येतात."

नानांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे ड्रॉइंग हाय, पण कारागिराला मोकळीक हाय. या की मग!"

मंदार मला नंतर म्हणाला, "जॅझ इतक्या थोडक्यात मला आजवर कुणी समजावला नव्हता."

*

नाना इतक्या पटकन हो म्हणाले, त्याला कारण होतं. गावात तात्या म्हणून एक वजनदार गृहस्थ आहेत. त्यांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नाही. तात्यांचं म्हणणं, जुन्या वस्तू बघायला काळं कुत्रं फिरकत नाही, पोरांना जिम पाहिजे. सोमवारच्या ग्रामसभेत हा विषय येणार होता आणि त्या खोल्या गेल्या तर नानांकडे दुसरी जागा नव्हती. शनिवारचा कार्यक्रम म्हणजे शेवटचा डाव! नाना बोलून दाखवत नव्हते, पण त्या आठवड्यात त्यांनी पाभर तीनदा पुसली.

*

नानांच्या शिस्तीत ट्रायल घेतल्याशिवाय काही होत नाही. म्हणून गुरुवारी चौघांना तालमीला बोलावलं. वाजवणं रंगात आलं आणि एकदम तिघं थांबले, ड्रमवाला एकटाच सुटला. नाना धावत मेन स्विचकडे!

"लाइट गेली! गुरुवारी लाइट जाती ह्ये मी इसरलोच!"

मी म्हटलं, "नाना, सॅक्सोफोनला वायर कुठाय?"

मंदार हसत म्हणाला, "नाना, त्याची पाळी आहे. आम्ही ऐकतोय."

"मशीन बंद ठिवून दुसऱ्याचं काम बघत उभं ऱ्हायलं तर आमाला मेमो मिळायचा, मंदारराव!" नाना म्हणाले. पण मग तेही उभे राहिले आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

*

शनिवारी पाचला कार्यक्रम. साडेपाचपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. माइक संतोषभाऊंकडे. गावातल्या एकूण एक लग्नात तेच निवेदन करतात. लग्नात आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव पुकारायची आमच्याकडे पद्धत आहे, नाव राहिलं की माणूस रुसतो. संतोषभाऊंनी तेच केलं, तेही भर वाजवण्यात!

"आत्ताच आपल्यामध्ये मोशीचे आपले भाचेजावई यांचं आगमन झालेलं आहे, त्यांचं मंडळाच्या वतीनं सहर्ष स्वागत!"

मला धरणी दुभंगावी असं झालं. पण मंदारनं काय करावं? त्यानं त्या भाचेजावयांकडे बघून सॅक्सोफोनवर एक झोकदार तान मारली! जावई फुलले. मग आलेल्या प्रत्येकाला वेगळी तान. ठेंगण्या माणसाला तुरतुरीत, जाड्याला डुलत डुलत! फाटकाशी शिफ्ट सुटलेली पोरं युनिफॉर्मवर उभी होती. आपलंही नाव पुकारतात म्हटल्यावर तीही आत शिरली. दोघं तर गुपचूप बाहेर जाऊन परत आले!

सहापर्यंत खुर्च्या संपल्या. मंदारचं मला मनापासून कौतुक वाटलं.

*

कमळाक्का दुपारी दोनपासूनच, संग्रहालयाला दिलेल्या आपल्या जात्याशेजारी बसली होती. कीबोर्डवाल्यानं गाण्यांच्या मधे तिला विचारलं, "आजी, आवडतंय का? शब्द नाहीत आमच्या गाण्यांना."

"न्हाईत तेच बरं हाय," ती म्हणाली. "मी माझं घालतीया."

तो पोरगा पुढचं अख्खं गाणं तिच्या ओठांकडे बघत वाजवत होता.

*

आणि तात्या? तेही आले होते. संतोषभाऊंनी पुकारलं, मंदारनं तान दिली. तात्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ते मागच्या रांगेत, हाताची घडी घालून बसले. नाना दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते.

मध्यंतर झालं. मंदारचा स्टँड वाकडलाच राहिला होता, म्हणून तो सॅक्सोफोन सतरंजीवर ठेवायला वाकला.

"थांबा! खाली नका ठिवू!"

तात्या तरातरा पुढे येत होते. नानांचा चेहरा उतरला. तात्यांनी स्टेजच्या पायरीशी चपला काढल्या, वर चढले, सॅक्सोफोनचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला आणि मंदारच्या पायांना हात लावला. मंदार गोंधळून बघत राहिला.

"तुमीबी लावा," नाना कुजबुजले. मंदारनंही वाकून तात्यांच्या पायांना हात लावला.

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. ती गळ्यात घेऊन उभं राहायचे पहारे लावलेले असतात. पहारा बदलताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा गळ्यात असताना माणूस इकडचं तिकडचं बोलत नाही.

तात्या सॅक्सोफोन छातीशी धरून ताठ उभे. चहा आला, घेतला नाही. सरपंच जवळ आले, "तात्या, सोमवारी त्या जागेचं..." तात्यांनी डोळे मिटूनच मान हलवली, आत्ता नाही. सगळं अंगण हळूहळू गप्प झालं. संतोषभाऊंचासुद्धा माइक बंद!

पंधरा मिनिटांनी मंदार चहा पिऊन परत आला. पुन्हा दोघं एकमेकांच्या पाया पडले. तात्यांनी पट्टा त्याच्या गळ्यात घातला, खाली उतरले आणि चपला पायांत सरकवत नानांना म्हणाले,

"पुढच्या साली माझा पहारा आधी लिहून ठिव. आयत्या येळी माणूस मिळत न्हाई."