केनवडच्या विसाव्यापर्यंत

अकोल्याहून निघाले तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. कापसाच्या एका ट्रकवाल्याने सकाळी दारात येऊन निरोप दिला होता, केनवडची कौसल्या रात्री तापाने गेली, आज दिवस बुडायच्या आत नेतील. यजमानांना कचेरी चुकवता येईना. शेजारच्या गल्लीतल्या रहीमभाईंची भाड्याची मोटार सांगितली आणि एकटीच बसले.

कौसल्या आणि मी वाशीमच्या मुलींच्या शाळेत एका बाकावर होतो. सातवीनंतर वडील माझं नाव काढायला आले, तेव्हा ही फाटकात उभी राहून त्यांना म्हणाली होती, "काका, माहं तं लगन ठरलं. हिले कायले थांबवता?" वडील नाव न काढताच परत गेले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि ते त्या फाटकातल्या शब्दामुळे. तिला एकदा शेवटचं पाहायचं, एवढंच मनात होतं.

पातूरपर्यंत रस्ता बरा. दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीचे तास. घाटात मात्र मोटारीने वाफ सोडली. रहीमभाई खाली उतरले. "साहेबाची गाडी होती बाई. साहेब विलायतेले गेला, हिचा नखरा इथंच राह्यला." इंजिन थंड होईपर्यंत आम्ही दगडांवर बसलो. सागाची पानं धुळीने माखली होती, माझं लुगडंही.

मेडशीला पाणी भरायला थांबलो. लिंबाखाली एक माणूस छातीशी गाठोडं धरून उभा होता. तो मोटारीजवळ आला.

"बाई, केनवडकडं जाऊन राह्यल्या का तुमी?"

"हो. तुम्ही?"

"मले बी तिकडंच जा लागते. बहीण गेली माही."

तो कौसल्याचा धाकटा भाऊ नामदेव होता. मी नाव सांगितलं तसा म्हणाला, "शाळेतल्या ना तुमी? कौशी लय सांगे तुमचं." त्यालाही त्याच ट्रकवाल्याने कळवलं होतं. पण कापडाचं दुकान उघडेपर्यंत सर्व्हिस मोटार (प्रवाशांची गाडी) निघून गेली. गाठोड्यात हिरवं लुगडं होतं. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असावं लागतं. आईवडील कधीच गेलेले. कौसल्याचं माहेर म्हणजे हा एकटा.

"दोन दिवाळ्या झाल्या, भाऊबीजेले आनलं नाही तिले," तो बाहेर पाहत म्हणाला. "यंदा आनू, यंदा आनू करत राह्यलो. आता हेबी नाही पोचलं तं सासरच्याच कपड्यात जाईन ती."

रहीमभाईंनी गाडी जोरात सोडली.

मालेगाव मागे पडलं आणि चाक बसलं. जोडीचं चाक आधीच ठिगळांचं, त्यातही हवा नव्हती. नामदेव गाठोडं घेऊन चालू लागला.

"कुठं चालला रे?" रहीमभाईंनी हाक मारली.

"पायीच निंगतो."

"पायी तू उद्या पोचशीन बाबा. पंप मार इकडं!"

त्याने गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि घामाघूम होईपर्यंत पंप मारला. टोपली घेऊन चाललेल्या एका बाईने ओंजळभर बोरं दिली. दिवसभरात दुसरं काही पोटात नव्हतं, तरी ती मी पदरात बांधून ठेवली. सावल्या लांबत होत्या.

केनवडच्या शिवेवर पोचलो तर माणसं समोरूनच येत होती. चिंचेखालच्या दगडी ओट्यावर त्यांनी तिरडी टेकवली. हा गावाचा विसावा (तिरडी टेकवून खांदेकरी बदलण्याची जागा). बाया इथवरच येतात, पुढे पुरुष नेतात. कौसल्याचा चेहरा उघडा होता, कपाळ कुंकवाने भरलेलं. अंगावर सासरचं पिवळं लुगडं, वरून सुतळीने आवळलेलं.

नामदेवने गाठोडं पुढे केलं. तिच्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, मान हलवली. "दुपारपासून वाट पाह्यली रे. आता बांधलं. सोडता येत नाही."

नामदेव तसाच उभा. बायांतून कौसल्याची म्हातारी सासू पुढे आली.

"सोडू नका. वरून घाला. विसाव्यावरचं मानूस अजून गावातलंच असते." मग नामदेवकडे वळली. "दोन दिवाळ्या वाट पाह्यली तिनं तुही. आता काहून उभा? घाल!"

त्याने घडी मोडली. नऊवार कापड, वारा सुटलेला, एकट्याला ते आवरेना. मी दुसरं टोक धरलं. डोक्याकडून मी, पायांकडून तो, असं आम्ही तिला झाकलं. चेहरा तेवढा उघडा ठेवला. मग पुरुषांनी खांदा दिला आणि ते गेले. मी बायांबरोबर मागे वळले.

विहिरीवर अंघोळीला बसलो तेव्हा पाणी शेंदणाऱ्या बाईने विचारलं, "तुमी तिच्या कोन लागता व माय?"

"माहेरची," मी म्हणाले.

तिने भरलेली बादली माझ्या डोक्यावर ओतली.

शेजारच्या घरून पिठलं-भाकर आली. नामदेव स्मशानातून आल्यावर त्याच्याबरोबर मलाही बसवलं, रहीमभाईंना बाहेर ओसरीवर वाढलं. नामदेव राख सावडेपर्यंत तिथेच राहणार होता. मोटारीपर्यंत मला पोचवायला आला.

परतीच्या वाटेवर मालेगावात दिवे लागले होते. लेकीला सासरी पोचवून परतणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. ती बैलगाडीत अशीच बसलेली असत, अंगाने मोडलेली, हात रिकामे आणि मागे वळून न पाहणारी. त्या संध्याकाळी मीही तशीच बसले होते.