बसक्या आवाजाचा पाटा

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मला सुऱ्या करायचा नाद लागला. मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. दिवसभर चांगल्या पोलादाशी काम करायचं आणि घरी आलं की बायको बाजारातली पातळ सुरी टोमॅटोवर दाबत बसलेली दिसायची. म्हटलं, हिला एक धड सुरी करून द्यावी. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये पूर्वी आजोबांचा हातमाग असायचा. तिथं मी ग्राइंडर बसवला, विटांची छोटी भट्टी रचली.

अडलं ते पोलादापाशी. कारखान्यातला तुकडाही गेटबाहेर नेता येत नसे आणि बाजारात कुणी हातभर पट्टी द्यायला तयार नव्हतं. ट्रकच्या कमानीचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे, पाटे चांगले असतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एका रविवारी कामठी रोडवरच्या कमान दुरुस्तीच्या दुकानात गेलो. बाहेर तुटलेल्या पाट्यांचा ढीग पडला होता. मी त्यातला एक उचलला, तोच आतून आवाज आला, "तो काहून पाहिजे तुले?"

दुकानाचे मालक. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगानं वाळके, हात मात्र रुंद. मी सुरीचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला पाटा घेऊन परत ढिगात टाकला.

"जो एकदा तुटला तो आतून बी चिरलेला असते गा. तुले दिसनार नाई. तापवून पान्यात घालशीन अन् मंग रडत बसशीन."

त्यांनी आतून एक जुना पण सलग पाटा आणला, तारेला टांगला आणि हातोडीनं हलकेच टोला दिला. देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज निघाला. मग ढिगातला तुटका टांगून वाजवला. तो ठप्प बोलला. "समजलं?" त्यांनी विचारलं. मला काहीच समजलं नव्हतं, पण मी हो म्हणालो. त्या पाट्यातून बायकोची सुरी झाली. ती अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे.

त्यानंतर मी त्यांना भाऊ म्हणू लागलो आणि आमचे रविवार ठरून गेले. सकाळी मी स्कूटर घेऊन त्यांच्या दुकानापाशी जायचो, ते शटर अर्धं ओढून मागं बसायचे आणि आम्ही भंगाराच्या गोदामांतून फिरायचो. जुन्या कानशी, मोठ्या बेअरिंगच्या कड्या, लाकूड कापायच्या आऱ्यांची पाती. भाऊ वस्तू हातात घेऊन आधी ती कशाची होती ते विचारायचे, मग वाजवून बघायचे. मी खिशातला छोटा कानशीचा तुकडा घासून बघायचो. एखादी वस्तू दोघांनाही आवडली, तर ती घरी आणून ग्राइंडरला लावायची. ठिणग्या दाट आणि टोकाशी फुलासारख्या फुटल्या, की त्यात कार्बन भरपूर. लालसर, लांब, न फुटणाऱ्या ठिणग्या आल्या, की ते वेगळ्या जातीचं पोलाद. ते आमच्या भट्टीला झेपायचं नाही. दुपारी भाऊ आमच्याकडेच जेवायचे. कढी-गोळे असले की बायकोला म्हणायचे, "तुह्या हातची कढी खाले येतो वं मी, सुऱ्याचं निमित्त आहे." मग शेअर ऑटोनं कामठीला घरी जायचे.

अशी तीन वर्षं गेली. माझ्या सुऱ्यांचं नाव होऊ लागलं. लोक घरी येऊन मागू लागले, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात थोडी हवा गेली. प्रत्येक तुकड्यासाठी भाऊंच्या मानेकडे बघायचं, ती हलली तर घ्यायचा, नाहीतर ठेवायचा, याचा मला कंटाळा येऊ लागला होता.

त्याच दिवसांत सावजी खानावळ चालवणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांना मटणासाठी मोठा, जाड सुरा हवा होता. रविवारी गोदामात मला हवा तसा रुंद पाटा दिसला. भाऊंनी तो वाजवला, पुन्हा एकदा वाजवला आणि खाली ठेवला.

"याचा आवाज बसलेला आहे. ठेवून दे."

"भाऊ, दिसायला तर एकदम सलग आहे."

"मी दिसन्याचं नाई सांगून राहिलो."

मी पुढच्या ढिगाकडे वळलो. सोमवारी एकटा जाऊन तो पाटा घेऊन आलो. ठिणग्या सुंदर पडल्या. सुऱ्याला पाणी चढवलं तेव्हा कानस त्याच्यावरून घसरत गेली, म्हणजे कडकपणा बरोबर आला होता. भाऊंचं वय झालं, कान गेले, असं मी मनात म्हणालो. मावशी सुरा घेऊन खुशीत गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारीच, त्या पिशवीत दोन तुकडे घेऊन आल्या. हाडावर घाव घालताना सुरा मधून तुटला होता. पुढचा तुकडा उडून भिंतीवर आदळला, कुणाला लागला नाही इतकंच. भाऊ जेवून कडुनिंबाखाली बसले होते. मावशींनी तुकडे माझ्यासमोर ठेवले. तुटलेल्या जागी अर्धा भाग स्वच्छ चकाकत होता आणि अर्धा जुना, गंजून काळा झालेला. चीर आधीपासूनच होती. ते मला दिसलं आणि भाऊंनाही दिसलं.

"असा कसा माल लावला जी तुम्ही?" मावशी म्हणाल्या.

आणि मी म्हणालो, "माल हे भाऊ निवडतात."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ते मावशींना म्हणाले, "चुकलं माह्यं, बाई. यानं दुसरा करून दिला का त्यात खोट निघनार नाई." ते उठले, पाणी मागून प्यायले, चपला घातल्या आणि ऑटो धरायला निघून गेले. बायको दारात उभी होती. मावशी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तो पाटा तर तुम्हीच आणला होता ना?"

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. वाटलं, ते येतील. त्याच्या पुढच्याही रविवारी वाट पाहिली. नंतर दर आठवड्याला जाणं आणखी अवघड होत गेलं. मावशींना मी कुरिअरनं मागवलेल्या नव्या पट्टीतून दुसरा सुरा करून दिला. अडीच-तीन महिन्यांनी कामठी रोडला गेलो, तर भाऊंच्या दुकानात ट्रकच्या बॅटऱ्या विकायला ठेवलेल्या. शेजारच्या टायरवाल्यानं सांगितलं की त्यांची लेक त्यांना सुरतेला घेऊन गेली. भाऊंचा नंबर बंद होता. लेकीचा नंबर त्यानं एका पावतीमागे लिहून दिला.

मी फोन केला. एकदा नाही, वर्षभरात पाच-सहा वेळा. तब्येत, पाणी, तिकडची गर्मी. भाऊ नेहमीसारखेच बोलायचे आणि मी फोन ठेवायचो. जे सांगायचं ते दर वेळी आतच राहायचं.

गेल्या महिन्यात मात्र सांगितलं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी खोटं बोललो."



"मले मालूम आहे ना," ते म्हणाले. "दोन इतवार मी आंघोळ करून, दुकान उघडून बसलो होतो. म्हटलं, हा येईन स्कूटर घेऊन. मंग लेक आली."

त्याच दोन रविवारी मी माझ्या फाटकाकडे बघत बसलो होतो.

त्यांनीच विषय बदलला. "आता माल कुठून आनतो?"

"कुरिअरनं येतो. पट्टीवर नंबर असतो, सोबत कागद. कितीला तापवायचं, कशात विझवायचं, सगळं लिहिलेलं."

"चांगलं आहे. फसगत नाई."

"नाही, भाऊ. एकही सुरी मोडली नाही."

"अन् त्या बाईचा सुरा?"

"चालू आहे अजून."

"मंग झालं," ते म्हणाले. मी त्यांना नागपूरला बोलावलं. ते म्हणाले, गुडघे आता गाडीत इतका वेळ बसू देत नाहीत, तूच ये. लेकीनं जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सुरतेला जाणं मला आजवर जमलेलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नंतर बायकोचं आजारपण आलं. दिवाळीनंतर जाईन म्हणतो. शेडमध्ये भिंतीला टेकवून कागदातल्या सरळ, चकचकीत पट्ट्या ठेवल्या आहेत आणि त्यांच्यापासून होणाऱ्या सुऱ्या पूर्वीपेक्षा चांगल्या आहेत, यात शंका नाही. पण त्या करताना बोलायला कुणी नसतं. पट्टी चांगली की वाईट यावर भांडायचंही कारण उरलेलं नाही.

रविवारी सकाळी घरात पाय ठरत नाही. काही घ्यायचं नसताना स्कूटर काढतो आणि कामठी रोडच्या गोदामात जाऊन उभा राहतो. जुना भंगारवाला मला ओळखतो. परवा त्यानं पाट्यांच्या नव्या ढिगाकडे हात दाखवला आणि विचारलं, "एकटेच आले काय जी?"

मी हो म्हणालो आणि थोडा वेळ तिथंच थांबलो.